चौदा-अठ्ठेचाळीस : दोघांत एक बोट

बोट घ्यायची ठरली तेव्हा आमच्या दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या बोटी होत्या, हे कळायला तीन महिने गेले.

दोघे म्हणजे मी आणि माझा ऑफिसातला सहकारी. मी मूळचा मालवणजवळच्या आचऱ्याचा, गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत, टेक्सासातल्या ह्यूस्टनजवळ कॅटीत. लहानपणी खाडीच्या धक्क्यावर गरवत बसायची सवय होती, ती इथे मेक्सिकोच्या आखातावर भागवतो. तो टेक्सासातल्याच बोमाँटचा, साठी ओलांडलेला, बारा वर्षांचा असल्यापासून बदकांच्या शिकारीला जाणारा. घरात एक काळी लॅब्रॅडॉर कुत्री, तीस किलोची. मला उथळ पाण्यातला रेडफिश हवा होता, त्याला हिवाळ्यात दलदलीत उतरणारी बदकं. पाणी मात्र एकच होतं: गॅल्व्हस्टन उपसागराचा पूर्वेकडचा फाटा, ज्याला ईस्ट बे म्हणतात, आणि त्याच्या उत्तर काठावरचं ॲनाह्वॅक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज, म्हणजे सरकारी वन्यजीव अभयारण्य. खारं गवत, मधून वळणं घेत जाणारे ओढे, आणि कुठे कमरेइतकं तर कुठे वीतभर पाणी. खर्च निम्मा-निम्मा. मिळून सात हजार डॉलर, त्यातच मोटर आणि ट्रेलर.

शिकार म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला अडखळायला होतं, मलाही झालं. भारतात १९७२चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनंतर हा विषयच संपलेला. इथे तो परवाना घेऊन, मोजून मापून करायचा प्रकार आहे. बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी २५ डॉलरचा केंद्र सरकारचा ‘डक स्टँप’ घ्यावा लागतो. तो १९३४ पासून आहे आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेतल्या जातात. १९६३ साली स्थापन झालेल्या ॲनाह्वॅकच्या काही भागात शिकार चालते, काही भागात नाही. शिशाचे छर्रे १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी देशभर बंद आहेत, स्टीलचे वापरतात. बोटीच्या निवडीशी संबंध असलेला नियम मात्र वेगळाच आहे. मोटरबोटीतून बदकावर बार टाकायचा तर मोटर बंद हवी आणि बोटीचा वेगही पूर्ण थांबलेला हवा. म्हणजे शिकारीत बोट धावायला लागतच नाही. ती आधी हमाल असते, मग लपायची जागा. हे मला उशिरा उमगलं.

जाता जाता एक गंमत. त्याच्या बदकांत ‘शव्हलर’ नावाचं एक असतं, रुंद चपट्या चोचीचं. इथले शिकारी त्याला चवीच्या बाबतीत जरा नाक मुरडतात. हाच आपल्याकडे उजनीवर आणि जायकवाडीवर हिवाळ्यात येणारा थापट्या. आणि माझा रेडफिश हा घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. मी पहिल्यांदा तिरफळ घालून त्याचं कालवण केलं तेव्हा आईला फोनवर सांगितलं, घोळीचा चुलतभाऊ आहे. इथे ज्याला स्पेकल्ड ट्राउट म्हणतात तोही त्याच कुळातला, ट्राउटशी त्याचं काही नातं नाही.

आता बोट. उथळ पाण्याला इथे जी सर्वसाधारण ॲल्युमिनियमची बोट वापरतात ती जॉन बोट. गुरांना पाणी पाजायची डोण असते ना, तशीच: तळ सपाट, नाळ म्हणजे पुढचं टोक चौकोनी, बाजू जरा बाहेर कललेल्या. तिचं नाव म्हणजे चार आकडी संख्या. पहिले दोन आकडे फुटांत लांबी, पुढचे दोन इंचांत तळाची रुंदी. १४४८ म्हणजे चौदा फूट लांब, तळ अठ्ठेचाळीस इंच. वरची रुंदी यापेक्षा जास्त असते, म्हणून टेप घेऊन मोजायला गेलात आणि काठावर धरलीत तर गोंधळ होतो. मी केला.

आमच्यापुढे चार पर्याय होते. १२३२, जी दोघे मिळून गाडीच्या टपावर चढवू शकतात. १४३६. १४४८. आणि १६४८, वेल्डिंग केलेली, जाड पत्र्याची, तळाला पुढे किंचित धार असलेली, चाळीस हॉर्सपॉवरची मोटर घेणारी. भागीदाराचं मन पहिल्यापासून १६४८ वर होतं. माझंही, खरं तर. ईस्ट बे रुंद आहे. दुपारी आग्नेयेकडून वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि सपाट तळाची बोट त्यावर पत्र्याच्या पिंपासारखी आपटत जाते. धार असलेला तळ ते पाणी कापतो.

त्या आठवड्यात वडिलांना फोन केला. ते ऐंशीचे आहेत, आयुष्यभर शिक्षक, पण आजोबांची होडी त्यांनी वल्हवलेली आहे. मी सगळे आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, “पाणी खंयचा ता आधी सांग, मगे होडयेचा बघूया.” मी म्हटलं, सगळंच. दलदल, ओढे, आणि बे सुद्धा. त्यावर ते हसले. “मगे दोन होडये घी.”

इथेच प्रकरणाची गाठ होती. एका बोटीत सगळं पाणी मावत नाही. कुठलं पाणी घ्यायचं यापेक्षा कुठलं सोडायचं, हे आधी ठरवायला हवं होतं, आणि आम्ही दोघेही काही सोडायला तयार नव्हतो.

एका इंचाला किती किलो

भावनेने सुटेना म्हणून एका रविवारी कागद घेतला. हिशेब शाळेतला आहे, आर्किमिडीजचा. सपाट तळाची बोट एक इंच खाली बसली की तळाच्या क्षेत्रफळाइतकं, एक इंच जाडीचं पाणी बाजूला सारते, आणि त्या पाण्याचं वजन म्हणजे तिने पेललेलं वजन. नाळेकडे तळ वर वळलेला असतो, त्यामुळे चौदा फुटांतले साडेअकरा फूटच कामाचे धरले. १४४८ साठी साडेतीन मीटर गुणिले एक पूर्णांक बावीस मीटर, म्हणजे साधारण सव्वाचार चौरस मीटर. एका इंचाला १०८ किलो. १४३६ ला ८१ किलो. १६४८ ला १२७. खाऱ्या पाण्याने दोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो, तो सोडून दिला.

मग ओझं. मी ८२, तो १०४, कुत्री ३०. वीस हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर ५०. सहा गॅलन पेट्रोल टाकीसकट २०. बॅटरी २२. खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडायची तीन डझन प्लॅस्टिकची खोटी बदकं आणि त्यांना जागेवर धरणारी वजनं, २०. बंदुका, काडतुसं, बर्फ, पाणी, डबा मिळून ३०. नांगर आणि दोर ६. एकूण ३६४ किलो. यात बोटीचं स्वतःचं वजन मिळवा: रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे खिळ्यांनी ठोकून जोडलेल्या, १४४८ चं १२० च्या आसपास, १४३६ चं ८५, आणि वेल्डिंगच्या जाड १६४८ चं १९०. तिला मोटरही मोठी लागणार, म्हणजे आणखी ५०.

आता भागाकार. १४३६ साडेपाच इंच बसते. १४४८ साडेचार. आणि मोठी, लांब, महागडी १६४८ पावणेपाच.

हा आकडा मी तीनदा तपासला. दोन फूट लांबी वाढवून, हजारो डॉलर जास्त घालून बोट वर येत नाही, उलट अंमळ खालीच बसते, कारण वाढलेला सगळा उचल पत्र्याच्या आणि मोटरच्या वजनाने खाल्ला. रुंदी मात्र फुकटात काम करते. ३६ वरून ४८ वर गेलं की पूर्ण एक इंच मिळतो, शिवाय उभं राहून गळ टाकता येतो आणि कुत्रीने काठावरून उडी मारली तरी बोट कलत नाही. उथळ पाण्याची बोट रुंद आणि हलकी हवी. लांब आणि दणकट हा मोठ्या पाण्याचा विचार आहे. १२३२ चा हिशेब मी केलाच नाही. बोटीच्या आतल्या बाजूला क्षमतेची पट्टी असते, वीस फुटांखालच्या अशा मोटरबोटींना अमेरिकेत ती बंधनकारकच आहे: किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर. आमच्या यादीतल्या निम्म्या सामानातच १२३२ ची पट्टी संपत होती.

भागीदाराला कागद दाखवला. त्याने चष्मा वर करून वाचला आणि म्हणाला, तुझं गणित बरोबर असेल, पण तू एक गोष्ट मोजलीच नाहीस.

त्याचं बरोबर होतं. बोट साडेचार इंचात तरंगते. मोटर तेवढ्यात चालत नाही. आउटबोर्ड मोटरचा पंखा आणि त्याखालचा पातळ दात मिळून बोटीच्या तळाखाली नऊ-दहा इंच उतरतो. म्हणजे फिरायला पंधरा इंच पाणी हवं. शिवाय ती मोटर खालूनच पाणी ओढून स्वतःला थंड करते, चिखल ओढला की गुदमरते. तो म्हणत होता ती ‘मड मोटर’. हवेने थंड होणारं इंजिन वर, आणि त्यातून निघालेला लांब दांडा जवळजवळ आडवा, टोकाला पंखा, जो पाण्याच्या पृष्ठभागालगत चिखल-गवत घुसळत जातो. थायलंडच्या लांब शेपटीच्या होड्यांशी हिचं नातं दिसतं. लुइझियानात बॅटन रूजला गो-डेव्हिल नावाने हे यंत्र १९७७ पासून बनतं आणि दलदलीतल्या शिकाऱ्यांचं दैवत आहे. वजनदार, बहिरं करणारं, लांब दांड्याच्या साध्या प्रकाराला उलट गियर नाही, आणि दिवसभर सुकाणू धरलं तर खांदा निखळल्यासारखा होतो. पण सहा इंच चिखलात जातं.

मागे विमानासारखा मोठा पंखा लावलेल्या एअरबोटीचा प्रश्न नव्हता, रेफ्यूजमध्ये त्यांना मनाईच आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना तिथे २५ हॉर्सपॉवरची मर्यादा, आणि पाण्यावर उगवलेल्या गवतातून मोटर चालवायला बंदी. म्हणजे मड मोटर घेतली तरी गवत तुडवत कुठेही घुसता येणार नव्हतं. ओढ्यातूनच जायचं, पुढे चालत. हे वाचल्यावर भागीदार थोडा नरमला.

तीन अंगणं

नवी बोट बजेटात बसत नव्हती, म्हणून जुन्या पाहिल्या. तीन पाहिल्या, दोन सोडल्या.

पहिली १६४८. रंग सुंदर, गवताच्या रंगाची कॅमोफ्लाज छपाई, वेल्डिंग नीट, भाव सहन होण्यासारखा. भागीदार तिच्यात बसून हसत होता. मी ट्रेलरच्या लाकडी फळ्यांवरचा गालिचा एका कोपऱ्यातून उचलून पाहिला. खाली बोटीच्या तळाला पांढरी भुकटी, तांदळाच्या पिठीसारखी. नख लावलं तर निघाली, आणि खाली मसुराएवढे खड्डे. लाकूड वाळवी लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेलं होतं. वर गालिचा, तो खाऱ्या पाण्याने कायम ओला, आणि तांब्याच्या संगतीत ॲल्युमिनियम गुपचूप कुरतडलं जात होतं. वर्षानुवर्षं. मालकाने तो गालिचा कधी उचलून पाहिलाच नव्हता. हाच प्रकार बोटीच्या आतही होतो: तळात ओल्या पाण्यात पडलेलं शिशाचं वजन, पितळी बूड असलेलं काडतूस, एखादं नाणं. त्यामुळे एकाच बोटीत मासेमारी आणि शिकार करणाऱ्याने घरी आल्यावर तळ हाताने चाचपावा. मी अजूनही करतो, भागीदार हसतो.

मला वाटतं ती बोट आणखी काही वर्षं चाललीही असती. पण मनातून उतरली. शिवाय एक घरगुती कारण होतं. आमच्या वसाहतीच्या संघटनेचा नियम आहे: ट्रेलर रस्त्यावर किंवा घरापुढे रात्री दिसता कामा नये. गॅरेजची आतली लांबी साडेएकोणीस फूट. १६४८ चा ट्रेलर, पुढचा दांडा आणि मागे लोंबणारी मोटर धरून वीस फुटांच्या वर जात होता. दार लागलं नसतं. इतका कागद काळा करून शेवटी गॅरेजच्या दारानेही तोच निकाल दिला.

दुसरी बोट १४४८, पण तिच्यात कुणीतरी हौसेने प्लायवूडचा मजला, खाली फोम, वर गालिचा घातला होता. पाय ठेवला तर पचपच. भिजलेल्या प्लायवूडचं आणि फोमचं वजन विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. एका इंचाला १०८ किलो हे डोक्यात पक्कं बसल्यावर असला मजला बघवत नाही.

तिसऱ्या ठिकाणी एक निवृत्त गृहस्थ. बोट १४४८, रिव्हेटची, सपाट तळाची, पत्रा १.६ मिलिमीटर, रंग जागोजागी उडालेला. आत दोन आडव्या बाकांखेरीज काही नाही. वीस हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर, दांड्याने चालवायची. सगळं मिळून ५,८०० मागत होते. पट्टीवर कमाल २५ हॉर्सपॉवर. मी विचारलं, आत पाणी भरलं तर चालेल का? त्यांनी काही न बोलता बागेची नळी आणून दिली.

रिव्हेटची बोट तपासायची ही साधी युक्ती आहे. बाहेरून पाणी आत येताना दिसत नाही, आतलं बाहेर येताना दिसतं. ट्रेलरवरच तळात चार-पाच इंच पाणी भरलं आणि आम्ही दोघे खाली उताणे झोपलो, हातात खडू. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग मधल्या बाकाखालच्या रांगेत एक थेंब फुगला, लोंबला, पडला. खडूने गोल केला. मग त्याच्या शेजारचा. एकूण सात. सातही एकाच ठिकाणी, बाकाखाली, जिथे बोट लाटेवर आपटताना पत्रा सर्वांत जास्त वाकतो. नाळेकडे किंवा शिवणीवर एकही नाही. भागीदार झोपल्या झोपल्या म्हणाला, सात म्हणजे काहीच नाही. माझ्या बापाच्या बोटीत आम्ही ठिबकण्याचा आवाज ऐकून वेळ मोजायचो.

रिव्हेट पुन्हा ठोकून बसवता येतात: आतून जड लोखंड धरायचं आणि बाहेरून हातोडी. ही विद्या विमानांच्या कारखान्यातली. ग्रुमन या विमान बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ॲल्युमिनियमच्या होड्या काढल्या तेव्हा पत्रा आणि रिव्हेट तिच्या हातचेच होते. वेल्डिंगची बोट गळत नाही हे खरं, पण तिला तडा गेला तर तो जोडायला ॲल्युमिनियम जाणणारा वेल्डर लागतो. सात रिव्हेट आम्ही एका शनिवारी दुपारी बसवल्या.

५,४०० ला सौदा झाला. टेक्सासात आउटबोर्ड मोटरचीही बोटीसारखी स्वतंत्र मालकीची नोंद असते. मोटरवरचा अनुक्रमांक कागदाशी ताडून मगच पैसे दिले. जुनी मोटर घेणाऱ्याने हे विसरू नये, नाहीतर मोटर आपल्या गॅरेजात आणि नाव दुसऱ्याचं.

आणि बे सोडून दिला. तोंडाने म्हणायला सोपं, पण मला ते लागलं. सपाट तळाची बोट घेतली म्हणजे रुंद पाणी ओलांडून पलीकडच्या कालवांच्या खडकांवर गरवायला जायचं नाही, काठाकाठाने राहायचं, आणि वारा ताशी वीस-पंचवीस किलोमीटरवर गेला की परत फिरायचं. आम्ही हे कागदावर लिहून दोघांनी सही केली. थट्टेत, पण केली.

कागद आणि पाणी

पहिल्याच दिवशी सगळं ओझं भरून बोट शांत पाण्यात उभी केली आणि मी मोजपट्टी घेऊन बाहेर उतरलो. अंदाज साडेचार इंच. नाळेशी भरले अडीच. मागे भरले सात.

सरासरी बरोबर आली होती, बोट मात्र मागे बसली होती. कारण उघड होतं: मोटर मागे, मोटर धरणारा माणूस मागे, आणि सोय म्हणून टाकी आणि बॅटरीही मागे. आणि उथळ पाण्यात बोट किती बसते हे तिचा सर्वांत खालचा कोपरा सांगतो, सरासरी नव्हे. मग बॅटरी नाळेशी नेली, जास्त लांबीमुळे जाड तार घातली. टाकी मधल्या बाकाखाली. खोटी बदकं पुढे. १०४ किलोंचा माणूस पुढच्या बाकावर, ८२ चा मोटरीवर. याला त्याने दोन दिवस विरोध केला. मोटरीच्या दांड्याला एक नळी जोडून हात लांब केला, म्हणजे चालवणाराही दोन फूट पुढे. पुन्हा मोजपट्टी: पुढे चार, मागे सव्वापाच. दमडी फारशी न घालता पावणेदोन इंच. इतर कुठल्याही खर्चाने आम्हाला एवढं मिळालं नाही.

मोटरीचा दोर मनगटाला अडकवायचा असतो, माणूस पाण्यात पडला तर मोटर बंद व्हावी म्हणून. केंद्राचा तो नियम १ एप्रिल २०२१ पासून आहे. आचऱ्यात कुणी बघितलं तर हसेल. पण दांड्याने चालवायच्या बोटीत एकटा माणूस पडला तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, म्हणून अडकवावा.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मासेमारी अप्रतिम झाली. पहाटे ओढ्याच्या तोंडाशी मोटर बंद करायची, काठीने रेटत आत जायचं. रेडफिश उथळ पाण्यात तोंड खाली घालून खेकडे हुडकतो तेव्हा त्याची शेपटी वर येते, तांबूस, त्यावर काळा ठिपका. त्या वेळी पत्र्यावर बूट आपटला की संपलं. ॲल्युमिनियमची बोट म्हणजे उलटं पातेलं. व्यायामाच्या चटईचे तुकडे कापून तळाला चिकटवले, वजन किलोभर. इथल्या नियमाने रेडफिश साधारणपणे २० ते २८ इंचांमधलाच ठेवायचा, दिवसाला माणशी तीन. आम्ही क्वचितच तीन ठेवले.

मग डिसेंबर.

इथे भरती-ओहोटीचा फरक फूट-दीड फूट. मालवणला उधाणाला दोन मीटरच्या वर पाणी हलतं, त्यामुळे मी इथल्या ओहोटीला कधी मनावर घेतलं नव्हतं. पण या किनाऱ्यावर पाणी चंद्रापेक्षा वारा जास्त हलवतो. थंडीची लाट आली की उत्तरेचा वारा सुटतो आणि बेचं पाणी आखातात ढकलून देतो. दलदल बशी कलंडल्यासारखी रिकामी होते. त्या दिवशी लाट दुपारी येणार होती. ती सकाळी नवालाच आली. पहिल्यांदा कुत्रीने मान वळवली. मग गवताची पाती सगळी दक्षिणेकडे झुकली. भागीदाराला चार बदकं मिळाली होती आणि त्याला सहा हवी होती. आम्ही अर्धा तास जास्त थांबलो.

परत निघालो तेव्हा ओढ्याच्या कडेला ओल्या चिखलाची हातभर रुंद पट्टी उघडी पडलेली. मोटरीच्या अंगातून थंडाव्याच्या पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते; ती चालू आहे तोवर सगळं ठीक. मी तिच्याकडे बघत होतो. ती करंगळीएवढी होती, मग काडीएवढी, मग तिचे थेंब झाले. मोटर बंद केली. वर उचलली. बोट पाच इंच पाण्यात मजेत तरंगत होती, कागदावर लिहिल्याप्रमाणे. पुढचं तीनशे मीटर मात्र काठीनेच काढायचं होतं. काठी चिखलात रुतायची, उपसताना बोट मागे यायची. उतरून ढकलावं तर पाय मांडीपर्यंत आत. भागीदाराने एकदा उतरून पाहिलं, त्याला वर ओढायला पंधरा मिनिटं लागली. वारा बोचरा होता. तीनशे मीटरला दोन तास. कुत्री तेवढी पूर्ण वेळ नाळेशी उभी राहून आमच्याकडे पाहत होती.

१६४८ असती तर? मी नंतर कितीदा हिशेब केला. ती तितकीच अडकली असती, आणि १९० किलोंच्या पत्र्याला, मोठ्या मोटरीला काठीने रेटणं आम्हा दोघांच्या वयाला झेपलं नसतं. बोट बरोबर निवडली होती. मोटरीपुरतं मात्र मी माझंच पाणी मोजलं होतं, त्याचं नाही. माझ्या मासेमारीला पंधरा इंच पुरतात, कारण मी पाणी असेल तिथे जातो. त्याची बदकं पाणी नसेल तिथेच उतरतात. निम्मे पैसे दिलेल्या माणसाच्या वाट्याला त्या हंगामात निम्मी बोटही आली नव्हती, आणि तो एका शब्दाने बोलला नव्हता.

मोटरीतला पाणी ओढणारा रबरी पंखा चिखलाने झिजून गेला होता. तो बदलताना मीच विषय काढला. बजेटातले सोळाशे डॉलर शिल्लक होतेच. फेब्रुवारीत, हंगाम संपल्यावर, लोक मड मोटरी विकायला काढतात. तेरा हॉर्सपॉवरची, लांब दांड्याची, जुनी एक मिळाली अकराशेला. क्षमतेच्या पट्टीवरच्या २५ च्या आत, रेफ्यूजच्या नियमातही बसणारी. मागचा पत्रा दोन्हींना चालतो, चार बोल्ट आणि एक खीळ. नोव्हेंबर ते जानेवारी ती. बाकीचे नऊ महिने माझी. वेग सायकलीइतका. कान बधिर होतात, दोघेही कानात बोळे घालतो आणि हाताने खुणा करतो. मोटर बदलली की मोजपट्टी घेऊन पुन्हा मोजावं लागतं: ती जड आहे, आणि तिचा दांडा मागे सहा फूट जातो, म्हणून पहिल्या दिवशी बोट पुन्हा मागे बसली. आता पाण्याचे दोन कॅन नाळेशी ठेवतो.

गॅरेजात बोट, तिच्या शेजारी लाकडी घोडीवर त्या त्या वेळी रजेवर असलेली मोटर. बायकोची गाडी बाहेर. ती म्हणाली, ट्रेलर दिसू नये असा नियम आहे ना, मग माझी गाडी का दिसते? वडिलांना दुसऱ्या मोटरीचं सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही.

“म्हणजे दोन होडयेच घेतलंस,” ते म्हणाले.